व्याख्या पाठ होतात, पण शब्द वापरता येत नाही: प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाबद्दल मार्गदर्शन हवे

पारोळ्याचा विद्यार्थी:

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पुढे बी.एस्सी. केले आणि सध्या पारोळ्यातील एका अभ्यासिकेत बसून सीडीएस या सैन्यदलांतील अधिकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. गणित आणि सामान्य ज्ञान यांचा अभ्यास मार्गी लागला आहे. अडचण आहे ती इंग्रजीच्या 100 गुणांच्या पेपरची, आणि त्यातही समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांची.

माझी आजवरची पद्धत अशी की बाजारात मिळणाऱ्या शब्दसूचीतून शब्द घ्यायचा, वहीच्या डाव्या बाजूला तो लिहायचा आणि उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. वही भरत आली आहे, पण चाळताना असे दिसते की मिटिगेट, ॲलिव्हिएट आणि ॲमेलियोरेट या तिन्ही शब्दांसमोर 'कमी करणे, सौम्य करणे, सुधारणे' असेच काहीसे लिहिलेले आहे, तर फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस आणि मायझरली या चारही शब्दांसमोर 'काटकसरी' किंवा 'कंजूष'. रिकाम्या जागेच्या प्रश्नात यांतले दोन शब्द शेजारी शेजारी आले की कोणता निवडावा हे कळत नाही.

अभ्यासिकेतील एका मित्राचे म्हणणे असे की मराठी अर्थ पूर्णपणे सोडून द्यावेत आणि इंग्रजी व्याख्याच पाठ कराव्यात. तसे करायला गेले की एका व्याख्येत आणखी दोन अनोळखी शब्द निघतात, आणि व्याख्या तोंडपाठ झाली तरी तो शब्द घालून स्वतःचे वाक्य लिहायला घेतले की पेन थांबते. सूचीतील उदाहरणवाक्ये 'ही इज अ फ्रूगल मॅन' अशा धर्तीची असल्यामुळे त्यांतूनही काही हाती लागत नाही. लेखी परीक्षेनंतर एसएसबीची, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मंडळाची, मुलाखत असते आणि तेथे आपले विचार इंग्रजीत नेमकेपणाने मांडता यावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, त्यामुळे केवळ पर्याय ओळखता येण्यावर मला थांबायचे नाही.

तरी जाणकारांनी सांगावे: व्याख्या मराठीत घ्यावी की इंग्रजीत? उदाहरणवाक्य चांगले कोणते हे कसे ओळखावे? आणि रोज किती शब्द घ्यावेत, म्हणजे मागचे विसरले जाणार नाहीत? आमच्या घरी अहिराणी बोलली जाते, मराठी शाळेत आल्यावर शिकलो आणि इंग्रजी त्याच्याही नंतर, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

बोरीकाठ (निवृत्त इंग्रजी शिक्षक, अमळनेर):

तुमच्या प्रश्नातील शेवटचे वाक्य तुम्ही अडचण म्हणून लिहिले आहे, पण मला त्यातच तुमचे भांडवल दिसते. घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलत वाढलेल्या मुलाला कोणता शब्द आजीशी बोलताना चालतो आणि कोणता निबंधात शोभतो, हे कोणी व्याख्या देऊन शिकवलेले नसते. तो शब्द कोणाच्या तोंडून, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या शब्दांच्या जोडीने येतो हे वारंवार कानावर पडून ती जाण येते. इंग्रजीतील प्रगत शब्द आपल्या कानावर तसे पडत नाहीत, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीच उदाहरणवाक्य असते. व्याख्येवरून शब्दाचा अर्थ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो ते कळते. तो कोणाबरोबर नांदतो हे उदाहरणावरून कळते. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्याशिवाय शब्द वापरण्याजोगा होत नाही, आणि तुमच्या वहीत यांपैकी एकही नाही, कारण 'कमी करणे' ही व्याख्या नव्हे, तो एक ढोबळ प्रतिशब्द आहे.

आता तुमचे तीन शब्द नीट पाहू. मिटिगेट म्हणजे एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता किंवा तिच्यामुळे होणारे नुकसान कमी करणे. ती गोष्ट घडतेच, पण तिचा तडाखा कमी बसतो. याच्या पुढे रिस्क, डॅमेज, इफेक्ट असे शब्द येतात. रावेर-यावलच्या बाजूला केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती वादळ थांबवण्यासाठी नव्हे, वाऱ्याचा जोर मोडण्यासाठी, म्हणून 'विंडब्रेक्स मिटिगेट द डॅमेज दॅट समर स्टॉर्म्स डू टु बनाना प्लँटेशन्स' हे वाक्य अचूक बसते. ॲलिव्हिएट म्हणजे सोसणाऱ्यावरचा भार हलका करणे. याच्या पुढे पेन, सफरिंग, पॉव्हर्टी, प्रेशर हे शब्द येतात. गोळी घेतल्यावर डोकेदुखी कमी होते, तिचे कारण कदाचित तसेच राहते, आणि तेथे डॉक्टर ॲलिव्हिएट हा शब्द वापरतात. ॲमेलियोरेट म्हणजे वाईट स्थिती प्रत्यक्ष सुधारणे. हा तिघांत सर्वांत औपचारिक शब्द असून कंडिशन्स, सिच्युएशन अशा शब्दांबरोबर येतो. 'द न्यू ड्रेनेज अमेलियोरेटेड कंडिशन्स इन द ओल्ड क्वार्टर' या वाक्यात वस्तीची अवस्था आधीपेक्षा चांगली झाली आहे. लॅटिन मुळे पाहिली तर फरक आणखी स्पष्ट होतो, कारण पहिल्याच्या मुळाशी 'मृदू', दुसऱ्याच्या मुळाशी 'हलका' आणि तिसऱ्याच्या मुळाशी 'अधिक चांगला' या अर्थाचे शब्द आहेत. एवढे लक्षात राहिले तर या तिघांची पुन्हा गल्लत होणार नाही.

काटकसरीच्या चार शब्दांत फरक वेगळ्या जातीचा आहे. तेथे वागणे साधारण एकच, पण बोलणाऱ्याचा त्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन निराळा. थ्रिफ्टी हे कौतुक आहे. फ्रूगल बहुधा कौतुकाचे किंवा निदान तटस्थ असते, आणि ते माणसाबरोबरच जेवणालाही लागते. भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढ्यावर भागवलेल्या जेवणाला 'अ फ्रूगल मील' म्हणता येते, तसे 'अ थ्रिफ्टी मील' सहसा म्हणत नाहीत. पार्सिमोनियस म्हणताना नापसंती आलेली असते आणि मायझरली ही तर उघड निंदा आहे. व्याख्या वाचताना 'हा शब्द बोलणारा खूश आहे की नाराज?' हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावावी. विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांत हमखास उपयोगी पडणारी ही सवय आहे, कारण नाराजीच्या शब्दाचा विरुद्धार्थी बहुधा पसंतीच्या बाजूला सापडतो.

उदाहरणवाक्य चांगले की वाईट हे ओळखण्याची माझी एकच कसोटी आहे आणि वर्गात ती मी सतत वापरीत असे. वाक्यातील तो शब्द बोटाने झाका आणि पाहा, उरलेल्या वाक्यावरून त्याचा अंदाज येतो का? 'ही इज अ ... मॅन' या वाक्यात उंच, श्रीमंत, रागीट, कोणताही शब्द चालेल, म्हणून ते वाक्य काहीच शिकवीत नाही. याउलट 'फ्रूगल बाय हॅबिट, शी मेंडेड द ओल्ड सॅक्स इन्स्टेड ऑफ बाइंग न्यू वन्स' या वाक्यात शब्द झाकला तरी जुनी पोती शिवणारी बाई समोर उभी राहते आणि तिच्याबद्दल काय म्हटले असेल हे जवळजवळ ठरून जाते. किंवा 'आफ्टर वीक्स ऑफ स्पोरॅडिक शॉवर्स, द कॉटन हॅड बिगन टु विल्ट'. कपाशी पेरलेल्या घरातील कोणालाही सांगावे लागणार नाही की पाऊस अधूनमधून, अनियमित पडत होता. जाता जाता सांगतो, स्पोरॅडिक हा शब्द ग्रीकमधील 'विखुरलेला' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे आणि त्याचे नाते पेरण्याच्या क्रियापदाशी आहे.

म्हणून सूचीतील फुसकी वाक्ये उतरवून घेण्यात वेळ घालवू नये. शब्दकोशातून किंवा वर्तमानपत्रातून एक कसदार वाक्य घ्यावे आणि त्याखाली स्वतःच्या गावातले, घरातले, शेतातले एक वाक्य आपण रचावे. दुसरे वाक्य लिहिण्याचा कंटाळा करू नये, कारण पेन थांबते ते नेमके तेथेच, आणि थांबले की कळते की व्याख्येतील कोणता भाग अजून समजलेला नाही.

पांझराकाठ (धुळे):

सरांनी जे सांगितले त्याला मी शब्दकोशाच्या बाजूने थोडी जोड देते, कारण 'व्याख्येत आणखी दोन अनोळखी शब्द निघतात' ही तक्रार चुकीच्या जातीचा कोश हाती असल्याची खूण आहे.

इंग्रजीत कोशांच्या दोन परंपरा आहेत. पहिली परंपरा मातृभाषिकांसाठीची. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशापासून लेखकांची अवतरणे देऊन अर्थ सिद्ध करण्याची रीत रुळली, आणि 1884 ते 1928 या काळात भाग पाडून पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या थोर ऐतिहासिक कोशासाठी हजारो वाचकांनी चिठ्ठ्यांवर वाक्ये उतरवून पाठवली. ते काम अद्वितीय आहे, पण ते ज्याला भाषा आधीच येते त्याच्यासाठी आहे. तेथील व्याख्या नेमकी असावी म्हणून लिहिलेली असते, सोपी असावी म्हणून नव्हे.

दुसरी परंपरा शिकणाऱ्यांसाठीची, आणि तिचा उगम आपल्यापासून फार दूर नाही. मायकेल वेस्ट हे ढाक्यात अध्यापन करीत असताना बंगालमधील मुलांना इंग्रजी वाचता यावे या काळजीतून त्यांचे काम सुरू झाले. 1935 साली त्यांनी सहकाऱ्यासह काढलेल्या कोशात सगळ्या व्याख्या 1,490 शब्दांच्या मर्यादेत लिहिलेल्या होत्या, म्हणजे तेवढे शब्द ज्याला येतात त्याला पुढची सगळी दारे उघडी. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये विद्यार्थ्यांना शिकवताना तयार केलेला कोश 1942 साली तेथेच निघाला आणि पुढे 1948 पासून ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आज प्रगत विद्यार्थ्यांसाठीचा ऑक्सफर्ड कोश म्हणून आपण ओळखतो तो हाच. 1978 च्या लाँगमन कोशाने सुमारे 2,000 शब्दांत व्याख्या बसवल्या. 1987 साली जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिण्यास सुरुवात केली आणि उदाहरणे संगणकावर साठवलेल्या प्रत्यक्ष वापरातील मजकुरातून घेतली.

या शेवटच्या पद्धतीचा फायदा एका शब्दावरून दाखवते. ॲव्हर्ट या शब्दाचा अर्थ सूचीत 'टाळणे, रोखणे' असा दिलेला असतो. पूर्ण वाक्याची व्याख्या साधारण अशी असते: तुम्ही एखादी अप्रिय गोष्ट ॲव्हर्ट केली म्हणजे ती घडू दिली नाही. या एका वाक्यात तीन गोष्टी आल्या. करणारा कोण, ते आले. जे टाळले जाते ते अप्रिय असते, हे आले. आणि माणसाला ॲव्हर्ट करता येत नाही, घटनेला करता येते, हेही आले. डिझॅस्टर, क्रायसिस, ॲक्सिडेंट यांना हा शब्द लागतो. नुसत्या 'रोखणे' या प्रतिशब्दावरून यातले काहीही कळले नसते.

आणि व्याख्या चांगली असली तरी ती एकटी फसवू शकते, याचे उदाहरण म्हणून कम्प्राइझ घ्या. त्याची व्याख्या 'कन्सिस्ट ऑफ' अशी दिलेली असते. ती पाठ करणारा विद्यार्थी 'कम्प्राइझेस ऑफ' असे लिहून मोकळा होतो, आणि वाक्यातील चूक ओळखा या प्रकारच्या प्रश्नात परीक्षक नेमके हेच विचारतात. 'जळगाव डिस्ट्रिक्ट कम्प्राइझेस फिफ्टीन तालुकाज' हे एकच उदाहरण लक्षात ठेवले तर 'ऑफ' आपोआप गळून पडतो. व्याख्येतून अर्थ मिळतो, व्याकरणाची घडण मात्र उदाहरणातून उचलावी लागते.

मराठी की इंग्रजी, या वादात मी मधला मार्ग घेत नाही, क्रम सांगते. शब्द पहिल्यांदा भेटला की मराठी अर्थ पाहण्यात कमीपणा नाही, उलट ठाव पटकन लागतो. पण वहीत कायमची नोंद करायची ती शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातील इंग्रजी व्याख्येची, आणि मराठीत लिहायचेच असेल तर एक शब्द न लिहिता एक वाक्य लिहावे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती कधी उघडून पाहा. मराठी शब्दासमोर नुसता इंग्रजी प्रतिशब्द टाकून ते थांबत नाहीत. तो शब्द कोण, कशाला, कोणत्या अर्थच्छटेने वापरतो हे सविस्तर समजावून देतात. परभाषा शिकणाऱ्याची गरज दोन्ही दिशांनी सारखीच असते. धुळे-जळगावच्या जुन्या वाचनालयांत संदर्भ विभागात असे कोश मिळतात, आणि शिकणाऱ्यांसाठीचे वर सांगितलेले बहुतेक इंग्रजी कोश आता मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात.

भुसावळ_जंक्शन:

दोघांचे म्हणणे पटले, पण परीक्षार्थीच्या घड्याळाचाही विचार झाला पाहिजे, कारण प्रत्येक शब्दाला एवढा वेळ दिला तर सूची संपणार नाही. बँकेच्या परीक्षेची तयारी मी अशाच अभ्यासिकेत केली, त्या अनुभवावरून लिहितो.

शब्दांचे सरळ दोन ढीग करावेत. एक ढीग नुसते ओळखता आले तरी पुरे अशा शब्दांचा, दुसरा स्वतः लिहिताना-बोलताना लागणाऱ्या शब्दांचा. पहिल्या ढिगातील शब्दाला सोपी व्याख्या आणि एक कसदार वाक्य एवढे पुरते. स्वतःचे वाक्य दुसऱ्या ढिगासाठीच. दुसरा ढीग कसा निवडावा याचे उत्तर आयते तयार आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी न्यूझीलंडमधील विद्यापीठात 2000 साली शैक्षणिक मजकुरात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत 570 शब्दकुले आहेत. शब्दकुल म्हणजे ॲनालाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल असे एकाच मुळाचे सगळे शब्द मिळून एक. त्यांनी अभ्यासलेल्या शैक्षणिक मजकुरातील सुमारे 10 टक्के शब्द या यादीतले निघाले. मुलाखतीत किंवा निबंधात इम्प्लिमेंट, सस्टेन, कन्स्ट्रेंट यांसारखे शब्द जितके कामी येतात तितके दुर्मीळ शब्द येत नाहीत, तरी पुष्कळ मुले सूचीतील सर्वांत अवघड शब्दांपासून सुरुवात करतात, हे मला अजिबात योग्य वाटत नाही. पॉल नेशन यांच्या 2006 च्या अभ्यासानुसार कादंबऱ्या-वर्तमानपत्रे कोणाच्या मदतीविना वाचायची तर 8,000 ते 9,000 शब्दकुले लागतात. म्हणजे पल्ला लांबचा आहे आणि शब्द निवडूनच घेतले पाहिजेत.

आता विसरण्याबद्दल. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते आणि नंतर तो वेग मंदावतो. म्हणून उजळणी पहिल्या काही दिवसांत जवळजवळ आणि पुढे लांब लांब अंतराने करावी. सेबास्टियन लाइट्नर यांनी 1972 साली सुचवलेली पेटी यासाठी उत्तम आहे. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करावेत आणि प्रत्येक शब्दासाठी जाड कागदाचा एक पत्ता करावा. शब्द आठवला की पत्ता पुढच्या कप्प्यात, नाही आठवला की थेट पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे उत्तरोत्तर उशिरा. पत्त्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापून घ्याव्यात. त्यांची कोरी बाजू जाड असते आणि शाई फुटत नाही.

मात्र पत्त्याच्या पुढच्या बाजूला शब्द आणि मागे अर्थ, ही रूढ मांडणी करू नये. पुढे उदाहरणवाक्य लिहावे आणि शब्दाच्या जागी रेघ व पहिले अक्षर ठेवावे. मागे शब्द आणि व्याख्या. वाक्य वाचून शब्द आतून काढावा लागतो, आणि फायदा त्या काढण्यातच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्याने पाहिले तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. रोजचे नवे शब्द माझ्या मते आठ-दहाच्या वर नेऊ नयेत, कारण आज घेतलेला प्रत्येक शब्द पुढचे अनेक दिवस उजळणीचा वेळ मागणार असतो.

गोमाईकाठ (शहादा):

एक गोष्ट सगळ्यांच्या उत्तरांतून राहिली. एसएसबीचा उल्लेख झाला आहे, तर व्याख्या आणि वाक्य यांबरोबर उच्चारही त्याच वेळी पक्का करावा. केवळ छापील सूचीवरून शिकलेले शब्द आपण लिहिल्याप्रमाणे वाचतो. एपिटमी या शब्दाचा 'एपिटोम' आणि हायपर्बली या शब्दाचा 'हायपरबोल' असा उच्चार मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकला आहे. अराय (ए-डब्ल्यू-आर-वाय, म्हणजे बिघडलेले) हा शब्द तर ओळखीचा असूनही ऐकल्यावर कळत नाही, कारण मनात तो 'ऑरी' म्हणून बसलेला असतो. मोबाइलवरील कोशात ध्वनीचे चिन्ह असते ते दाबून ऐकावे, आणि पत्त्यावर देवनागरीत उच्चार लिहून आघाताच्या अक्षराखाली रेघ द्यावी. पूर्ण उदाहरणवाक्य मोठ्याने म्हणावे, सुटा शब्द नव्हे.

पारोळ्याचा विद्यार्थी:

सर, ताई आणि दादा, आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. वहीचा उजवा रकाना बंद करून आजपासून पत्ते सुरू केले आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे कोशातील व्याख्या आणि वाक्य पाहून पुढील वाक्ये स्वतः रचली आहेत. कृपया तपासावीत.

मिटिगेट: 'ड्रिप इरिगेशन मिटिगेट्स द इफेक्ट्स ऑफ लो रेनफॉल ऑन द बनाना क्रॉप.'

ॲव्हर्ट: 'माय अंकल ॲव्हर्टेड मी फ्रॉम सेलिंग द लँड.'

स्पोरॅडिक: 'द बस टु अवर व्हिलेज इज स्पोरॅडिक.'

कम्प्राइझ: 'खानदेश कम्प्राइझेस द डिस्ट्रिक्ट्स ऑफ जळगाव, धुळे अँड नंदुरबार.'

बोरीकाठ (निवृत्त इंग्रजी शिक्षक, अमळनेर):

पहिले वाक्य निर्दोष आहे. मिटिगेटच्या पुढे इफेक्ट्स घेतले हे विशेष आवडले. या शब्दापुढे 'अगेन्स्ट' कधीही जोडू नका. ती घडण मिलिटेट या निराळ्या शब्दाची आहे, आणि दोघांची गल्लत इंग्रज लेखकही करतात.

दुसऱ्या वाक्यात ताईंनी सांगितलेली मर्यादा ओलांडली गेली आहे. काकांनी तुम्हाला थांबवले, म्हणजे ॲव्हर्टच्या पुढे माणूस आला. समजावून एखाद्याला परावृत्त करणे यासाठी डिस्वेड हा शब्द आहे: 'माय अंकल डिस्वेडेड मी फ्रॉम सेलिंग द लँड.' भीती किंवा अडचणीमुळे माणूस मागे हटला तर डिटर. काकांची गोष्ट ॲव्हर्टनेच सांगायची असेल तर टाळलेले संकट त्यापुढे आणावे: 'माय अंकल्स टाइमली लोन ॲव्हर्टेड द सेल ऑफ द लँड.' हे तीनही शब्द एकाच पत्त्यावर, तीन वाक्यांसह लिहून ठेवा. रिकाम्या जागेच्या प्रश्नात ते पर्याय म्हणून एकत्र येऊ शकतात.

तिसऱ्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण स्पोरॅडिक घटनेला किंवा सेवेला लागते, वस्तूला नव्हे. बस ही वस्तू झाली, म्हणून 'द बस सर्व्हिस टु अवर व्हिलेज इज स्पोरॅडिक' असे म्हणा. कोशातील उदाहरणे पुन्हा पाहिलीत तर शॉवर्स, फायटिंग, आउटब्रेक्स अशी सगळी घडणारी नावेच दिसतील.

चौथे वाक्य घडणीने अचूक आहे आणि 'ऑफ' गळला आहे. अर्थाच्या बाजूने मात्र एक बारकावा आहे. कम्प्राइझ म्हटले की पुढे येणारी यादी पूर्ण असते. जुना खानदेश जिल्हा 1906 साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, त्यातून पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, या प्रशासकीय अर्थाने तुमचे वाक्य उभे राहते. पण अहिराणी बोलणारा सगळा मुलूख मनात धरून कोणी नाशिक जिल्ह्यातील बागलाणचाही समावेश खानदेशात करीत असेल, तर त्याने ही तीन नावे देताना इन्क्लूड्स वापरावे, कारण त्या शब्दापुढची यादी अपुरी असली तरी चालते. दोन्ही वाक्ये पत्त्यावर घ्या, आणि पुढच्या खेपेस काटकसरीच्या चारही शब्दांची वाक्ये येथे लिहा. त्यांत कौतुक कोठे आहे आणि नापसंती कोठे, हे वाक्यावरूनच कळले पाहिजे.